१५ ऑगस्टला सोसायटीत सत्कार करायचाय, काय द्यावं आणि कुणाकडून घ्यावं?

वाघबीळची_ताई
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळ नाक्याच्या आतल्या बाजूला. दरवर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन, पोरांची भाषणं, सामोसा-वेफर्स आणि सगळे घरी. यंदा कमिटीत मी विषय काढला की आपल्या आजूबाजूला जी माणसं खरंच लोकांसाठी राबतात त्यांचा सत्कार करूया. शेजारच्या चाळीत एक रिटायर्ड नर्सबाई आहेत, रात्री-अपरात्री कुणाचं बीपी वाढलं तरी धावतात, मागच्या वस्तीत एक मुलगा पोरापोरींना फुकट कबड्डी शिकवतो, येऊरच्या आदिवासी पाड्यावरची एक ताई बायकांना जमवून बचत गट चालवते. सगळ्यांना पटलं, पण लगेच एकाने ऑनलाइन ट्रॉफीची लिंक टाकली आणि दुसऱ्याने सुचवलं की नाक्यावरच्या दुकानदारांकडून स्पॉन्सरशिप घेऊ, बॅनरवर नाव टाकू.
हे मला अजिबात पटत नाहीये. गणपती, दहीहंडी, नवरात्र, प्रत्येक वेळी वर्गणी त्याच किराणावाल्याकडे आणि इस्त्रीवाल्याकडे मागायची आणि खरेदी मात्र दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून करायची? यावेळी आपण त्यांच्याकडे पैसे घेऊन जायचं, मागायला नाही, असं माझं म्हणणं. बजेट फार नाही. आणि खजिनदार म्हणतात प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल पाहिजे, त्याचं काय करू?

हिशेबनीस_नौपाडा
ताई, आधी बिलाचं सांगतो कारण बऱ्याच सोसायट्यांत गाडं इथेच अडतं. फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी करावीच लागत नाही, त्यामुळे बचत गटाची ताई जीएसटी बिल आणणार कुठून? नाव, तारीख, वस्तू, रक्कम आणि सही असलेली साधी पावती घ्या, पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, म्हणजे सोसायटीच्या खात्यात नोंद दिसते. खजिनदारांना हे कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगा आणि मिनिट्समध्ये लिहून घ्या, नंतर कटकट नको.

चेंदणीकर
ऑगस्ट म्हणजे रानभाज्यांचा सीझन हो! शेवळं तोवर संपलेली असतात, ती पहिल्या पावसातली, पण कंटोळी, कुरडू, भारंगी मिळेल. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनपर्यंत येतात, दिवसभर पावसात बसतात आणि आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, मला फार वाईट वाटतं ते बघून. त्यांनाच सोसायटीच्या गेटच्या आत शेडखाली बसवा, झेंडावंदन झाल्यावर २००-३०० घरं तिथेच उभी असतात, भाजी कशी निवडायची कशी करायची तेही त्या सांगतात. ९ ऑगस्टला आदिवासी दिवस असतो, पाड्यावर कार्यक्रम असतात, त्या दिवशी जाऊन बोलून या. फक्त स्टॉलचं भाडं घेऊ नका आणि "आमच्या कमिटीला जरा स्वस्तात द्या" हे कुणी बोलायचं नाही. सत्काराला पण वारली चित्र काढणाऱ्याकडूनच चित्रं घ्या, तो सांगेल तो भाव.

खोपटची_शुभा
ट्रॉफी नको हे मान्य पण शाल-श्रीफळ काढू नका प्लीज. आपल्याला वाटतं त्यात काय, पण ज्या बाईला आयुष्यात कुणी स्टेजवर बोलवलं नाही तिच्या खांद्यावर चार माणसांसमोर शाल पडते ना, तिच्या घरचे सगळे बघायला येतात. शाल ठाण्याच्या 'जांभळी नाका' बाजारातून घ्या, तिथे पिढ्यान्‌पिढ्याची कापडाची दुकानं आहेत. आणि एक, स्टेजवरच्या खुर्च्या फक्त सत्कारमूर्तींसाठी. चेअरमन, सेक्रेटरी, कुणी पाहुणे असतील तर तेही, सगळे खाली पहिल्या रांगेत. हे आधीच ठरवा, नाहीतर ऐनवेळी भाषणं लांबतात आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम ते कोपऱ्यात उभे.

नेरूळवाला
आमच्याकडे नवी मुंबईत असं काही करायचं म्हटलं की मी गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं पुढे करतो. १९७० ला नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आलं, गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, उरणकडच्या जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबारात ५ जण गेले. साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना त्या लढ्यातून आली. त्यावेळी मोर्चात असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत, आपल्याच सेक्टरच्या मागच्या गल्लीत राहतात आणि टॉवरमधल्या पोरांना याचा पत्ताच नाही. त्यांना शाल द्या पण माइकही द्या, त्यांना बोलू द्या, पोरांनी प्रश्न विचारू द्या. ठाण्यातही कोळीवाडे आहेत, गावठाणं आहेत, शोधा.
खायला काय ठेवणार? आमच्या इथे दिवाळे कोळीवाड्यातल्या बायकांकडून सुका जवळा, बोंबील घेता येतात. तुमच्याकडे शाकाहारी घरं जास्त असतील तर आधी विचारा, वाद नकोत.

पोळीभाजी_केंद्र
मी स्वतः छोटा धंदा करते म्हणून लिहिते. सत्काराने बरं वाटतंच, पण ऑर्डर मिळाली, पैसे वेळेवर मिळाले तर जास्त बरं वाटतं. सामोसे मोठ्या दुकानातून मागवण्यापेक्षा चार घरगुती करणाऱ्या बायकांत वाटून द्या, फक्त अन्न सुरक्षेची नोंदणी आहे का बघा. अजून एक, त्या दिवशी एक टेबल फॉर्म भरायला ठेवा. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आहे, २०२० ला सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजार होतं, आता १५ हजार, वेळेत फेडलं की २५, मग ५०, मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवलीय. बऱ्याच भाजीवाल्यांचा आधारला मोबाइल नंबरच लिंक नसतो आणि सगळं तिथेच अडतं. तुमच्या सोसायटीत लॅपटॉप घेऊन बसणारी इतकी पोरं आहेत, दोघांना बसवा की.

वाघबीळची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. टेबलाची आयडिया तर कमिटीत आजच मांडते. नावं सुचवायला ग्रुपवर टाकणार होते पण मग फक्त फ्लॅटवालेच सुचवतील, म्हणून वॉचमनकाका, हाउसकीपिंगच्या मावश्या, दूधवाले यांनाही विचारणार, त्यांना खरं माहीत असतं कोण कुणाच्या मदतीला जातं. फक्त एक विचारायचं राहिलं, चित्रं आणि खाण्याची ऑर्डर आधी द्यायची तर ॲडव्हान्स किती द्यावा?

पोळीभाजी_केंद्र
निम्मे तरी आधी द्या ताई, तेल-बेसन आम्हाला रोखीने आणावं लागतं. उरलेले डिलिव्हरीच्या दिवशीच. "पुढच्या मीटिंगनंतर चेक काढू" असं नका करू.