गावाबाहेर पळायला गोल रूट कसा शोधायचा? मदत हवी आहे

छोटं गाव आहे, रोज उजाडल्यावर ५-६ किमी पळायचंय. डांबरी रस्ता एकच, कडेला जागा नाही आणि गाड्या सुसाट, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने पळतो तरी धाकधूक असतेच. सॅटेलाइट मॅप बघून दोन वाटा ट्राय केल्या, एक थेट कुणाच्यातरी शेतात जाऊन संपली, दुसरीवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल की पाय मुरगळता मुरगळता वाचला. स्ट्राव्हा या पळण्याच्या अ‍ॅपचा हीटमॅप (लोक कुठून पळतात ते दाखवणारा नकाशा) इथे कोराच, पळणारा बहुतेक मी एकटाच! ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला ऑनलाइन नकाशा) वाटा दिसतात पण आता चालू आहेत का ते कळत नाही. गेलो त्याच रस्त्याने परत येणं नकोय, आणि ट्रेडमिल सुचवू नका प्लीज. वाट आरपार निघते का हे पळायला जायच्या आधी तुम्ही कसं चेक करता?