काड्यांच्या सुगंधी बाटलीने घरात खरंच वास दरवळतो का? आपापले अनुभव सांगा

आमचं घर आर्वी तालुक्यातल्या एका गावात. पुढे सपरी, मधे जुनं कवेलूचं घर आणि मागे नंतर वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत माझे सासरे, आमचे मामाजी, गेल्या पोळ्यापासून अंथरुणावर आहेत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. चादर रोज बदलते, फरशी फिनाईलने पुसते, तरी खोलीला एक वास राहतोच. मामाजींना तो कळतो. त्यांचे जुने मित्र भेटायला आले की ते खिडकीकडे तोंड करून बोलतात. मला ते पाहवत नाही.

पुण्याच्या नणंदबाईंनी जानेवारीत रीड डिफ्यूजर पाठवला. काचेची १०० मिलीची बाटली, आत लॅव्हेंडरच्या वासाचं तेल आणि वर उभ्या करायच्या आठ काड्या. सुरुवातीला खोलीत पाऊल टाकताच छान वाटायचं. होळीनंतर कूलर सुरू केला आणि वास जणू गेलाच. आता बाटलीला नाक लावलं तरच येतो. तेल मात्र भराभर उतरतंय.

फ्लॅटमधल्या बंद खोल्यांबद्दल पुष्कळ वाचलं. मला आपल्याकडच्या घरांचं ऐकायचं आहे. उघडी दारं, कवेलूंच्या फटी, कूलर, उन्हाळा. कोणत्या खोलीत ठेवली, किती दिवस पुरली, कोणता वास टिकला, ते जमेल तेवढं सविस्तर लिहा.

वरुडकडून

ताई, मी दोन बाटल्या वापरल्या आहेत. पहिली बैठकीत ठेवली होती. आमची बैठक वीस बाय पंधराची, समोरासमोर दोन दारं, दिवसभर माणसांची ये-जा. आठच्या आठ काड्या घातल्या तरी काही जाणवलं नाही. तीच बाटली न्हाणीघराच्या फळीवर नेली आणि तिथे तीन काड्यांतच काम झालं. चार बाय सहाची जागा, एकच लहान झरोका. आठ काड्या ठेवल्या तर तिथे डोकं दुखायला लागतं.

तेव्हापासून बैठकीचा नाद सोडला. तसंही जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा बागेकडची खिडकी उघडली की संत्र्याच्या फुलांचा वास रात्रभर घरात असतो. त्या दिवसांत बाटलीच्या काड्या मी काढूनच ठेवते.

ब्रह्मपुरी तालुक्यातून, शाळेत विज्ञान शिकवतो

तुमचं तेल भराभर का उतरतंय याचं उत्तर माझ्या वहीत आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

या काड्या वेताच्या असतात. वेतात लांबीच्या दिशेने अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातात. दिव्याची वात तेल ओढते तसंच केशाकर्षणाने तेल या नळ्यांतून वर चढतं आणि काडीच्या उघड्या भागावरून हवेत उडतं. ना जाळ, ना धूर, ना वीज. आमच्याकडे लाईट गेली की विजेवरचं सुगंधाचं यंत्र थांबतं, ही बाटली थांबत नाही. हा तिचा गुण मला फार मोठा वाटतो.

पण उडणं हे तापमानावर आणि वाऱ्यावर अवलंबून. मी एकाच दुकानातून एकाच वासाच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही १०० मिलीच्या. काड्या सहा, खोली तीच, कपाटही तेच. डिसेंबरात उघडलेली ७१ दिवस पुरली. मेच्या पहिल्या आठवड्यात उघडलेली २६ दिवसांत कोरडी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो, त्या हवेत तेल राहणार कसं? बाटलीवर दोन-तीन महिने पुरेल असं लिहिलेलं असतं, ते आपला उन्हाळा धरून लिहिलेलं नसतं.

आता कूलर. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि खोलीतली हवा दारावाटे बाहेर जाते. दार उघडं ठेवल्याशिवाय गारवा लागत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणजे काडीवरून उडालेला वास खोलीत साठायच्या आत सपरीत पोचतो. तेल जास्त खर्च होतं आणि खोलीत कमी राहतं, दोन्ही एकदम. कूलर चालू असेल तेव्हा काड्या काढून फडक्यात गुंडाळा आणि बाटलीला झाकण लावा. रात्री कूलर बंद केला की परत घाला.

आणखी एक. आपण ज्या खोलीत बसून असतो तिचा वास आपल्या नाकाला थोड्या वेळाने कळेनासा होतो. मला वाटायचं बाटली संपली, आणि बाहेरून आलेला विद्यार्थी म्हणायचा, सर, काय छान वास येऊन राहिला. तेव्हा वास आहे की नाही हे अंगणात दहा मिनिटं थांबून परत आत येऊन ठरवावं. काड्या आठवड्यातून एकदा उलट्या करा. उलट्या केल्यावर दोनेक दिवस वास चढतो, रोज केल्या तर तेल लवकर संपेल.

दारव्हा तालुका, यवतमाळ

ताई, माहा अनुभव कापसाच्या खोलीचा हाय. दिवाळीपासून कापूस घरातच भरलेला रायते. भाव चढीन मंग विकू, असं म्हणता म्हणता शिवरात्र येते. त्या खोलीत माय अगरबत्ती लावू देत नाही, काडी पेटवू देत नाही. एक ठिणगी पडली तं वर्षाची कमाई गेली. म्हणून बायकोनं ही काड्यायची बाटली आणली, मोगऱ्याची. आठ दिवस खोलीत गेलं का मोगरा यायचा. मंग कमी कमी होत गेला. मले वाटलं तेलच खराब निघालं. पाह्यलं तं काड्यायवर बारीक रुई बसून त्या पांढऱ्या फटक झालत्या. वरून बुजल्या तं वास कुठून निंगन?

नव्या काड्या घातल्या, त्याही पंधरा दिवसात तशाच. आता बाटली बाजूच्या निजाच्या खोलीत, आलमारीवर हाय. तिथं चांगली चालली. जिथं रुई, भुसा, धूळ उडते तिथं हे ठेवूच नका. अन् जाळ नाही म्हणून बेफिकीर राहू नका, हे तेलही पेट घेऊ शकते. देवाच्या दिव्यापाशी नको.

गोंदियाच्या बाजूने

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचून आणतात आणि अंगणात वाळवतात. त्या दिवसांत घरभर मोहाचाच वास असतो जी, त्यापुढे बाटलीतला कोणताही वास उभा राहत नाही. बाकी पावसाळ्यात, कपडे वाळत नाहीत तेव्हा कपड्यांच्या खोलीत गवती चहाच्या वासाची बाटली ठेवली होती. कुबट वास बराच कमी जाणवला. लहान खोली, दार लोटलेलं. तेवढंच.

गडचिरोली जिल्ह्यातून

मी घरी करून पाहिलं, ते सांगते. बचत गटाला धंदा मिळेल असा विचार होता. आमच्याकडे बांबू भरपूर, म्हणून बांबूच्या बारीक काड्या तासून घेतल्या. तेल म्हणून खोबरेल आणि त्यात बाजारातला गुलाबाचा अर्क. तीन दिवस वाट पाहिली, काडीचं वरचं टोक कोरडं ते कोरडंच. बांबूला पेरं असतात, पेराशी वाट अडते. बिनपेराचे तुकडे निवडले तरी वेतासारखं तेल चढलं नाही. खोबरेल घट्ट पडतं ते वेगळंच. डिसेंबरात एका सकाळी पाहिलं तर बाटलीत पांढरा गोळा. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठतं आणि आमच्या रात्री त्याहून कितीतरी थंड असतात.

मग वेताच्या काड्या मागवल्या आणि डिफ्यूजरसाठीच मिळणारं पातळ द्रावण घेतलं. तीन भाग द्रावण, एक भाग सुगंधी तेल. हे जमलं. अरुंद तोंडाची बाटली घ्यावी, रुंद तोंडाच्या बरणीत काडीऐवजी तोंडातूनच तेल उडून जातं. आमच्या पहिल्या वीस बाटल्यांपैकी चौदा गावातच गेल्या. लोकांना सगळ्यात आवडला तो गवती चहा, नंतर मोगरा. लॅव्हेंडरला आमच्याकडे औषधाचा वास म्हणतात.

सांडलं तर लगेच पुसा. आमच्या टेबलाचं पॉलिश उठलं. बाटलीखाली बशी ठेवायचं तेव्हापासून शिकलो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, तालुका लिहीत नाही

ताई, तुमचं लिहिलेलं वाचून बाटलीबद्दल सांगण्याआधी दुसरंच सांगावंसं वाटलं. अंथरुणावरच्या माणसाच्या खोलीतला वास हा निरोप असतो. तो झाकायच्या आधी वाचायचा.

मामाजींना कुशीवर वळवा आणि उजेडात पाठ पाहा. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपरं. कातडी लाल-काळी पडली असेल, ओलसर असेल, तर तिथे जखम धरायला सुरुवात झाली आहे. तिचा वास लघवीच्या वासासारखा नसतो, सडका-गोडसर असतो. असा वास आला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. शक्यतो दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीला उग्र वास आणि रंग गडद असेल तर पाणी कमी पडतंय किंवा संसर्ग आहे, तेही दाखवून घ्या. गादीत लघवी मुरली असेल तर कोणतंही अत्तर तिच्यापुढे टिकत नाही. गादी दोन दिवस कडक उन्हात टाका आणि नंतर तिच्यावर रेक्झिन घालून वर सुती चादर. भिंतीला चुना मारून घेतलात तर खोलीत लगेच फरक जाणवेल.

हे झाल्यावर बाटली खुशाल ठेवा, पण त्यांच्या उशाशी नको. दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाला या वासाने धाप लागू शकते. दाराजवळ ठेवा, आधी दोनच काड्या घाला आणि दिवसभर लक्ष ठेवा.

घरात लहान मूल असेल तर बाटली हाताला लागेल अशी ठेवू नका. आमच्याकडे दीड वर्षाच्या बाळाने काडी चोखली म्हणून आई धावत आली होती. तिने घरीच उलटी करवायचा प्रयत्न केला होता. तसं कधीच करू नये, उलटीतलं तेल श्वासनळीत जाऊ शकतं. तोंड पुसून थेट दवाखाना. ते बाळ ठीक राहिलं, पण तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मांजर असेल तरी जपा, काही सुगंधी तेलं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत.

राळेगावकडून

वरच्या ताईंनी लिहिलं तेच माझ्या घरी वेगळ्या तऱ्हेने झालं. आमच्या मधल्या खोलीत फवारणीच्या औषधाच्या बाटल्या आणि पंप ठेवलेला असायचा. त्याचा वास जावा म्हणून मी चंदनाची बाटली ठेवली. वास खरंच दबला. पोरं त्याच खोलीत अभ्यासाला बसायला लागली, कारण आता तिथे बरं वाटायचं. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते सगळं जवळून पाहिलेली मी, आणि माझ्याच घरात विषाचा वास चंदनाने झाकत होते. त्याच संध्याकाळी यांनी गोठ्याच्या पलीकडे पत्र्याची पेटी केली, कुलूप लावलं आणि सगळं तिकडे नेलं. चंदनाची बाटली आता देवघरात आहे.

अकोल्याजवळच्या खेड्यातून

पोरी, मी पासष्ट वर्षांची आहे, सून टाइप करून देते. मला बाटलीतलं फार कळत नाही. पण तुझा कूलर वास नेतो म्हणतेस ना, तर कूलरलाच वास दे. वाळ्याच्या ताट्या लाव. लाकडाच्या भुशाच्या ताट्या स्वस्त पडतात म्हणून सगळे त्याच लावतात, पण आमच्या घरी वाळाच असतो. पाणी सोडलं की पहिल्या झुळकीला असा वास येतो की पाऊस पडल्यासारखं वाटतं. सारी खोली भरते, कारण वारा त्याच्यातूनच येतो. महाग आहे आणि दर उन्हाळ्यात नवीन घ्यावा लागतो. पाणी खारं असेल तर त्यावर पांढरं साचतं आणि वास उतरतो. टाकीतलं पाणी आठवड्याला रिकामं करत जा, नाही तर वाळ्यालाही कुबट वास धरतो आणि डास होतात ते वेगळे. एवढी मुळं नको असतील तर मूठभर वाळा मलमलीत बांधून टाकीत सोड.

मामाजींच्या वयाच्या माणसाला वाळा ओळखीचा असेल. लॅव्हेंडर त्यांनी आयुष्यात कधी हुंगलं होतं का?

आर्वीहून पुन्हा

सगळ्यांना मनापासून नमस्कार. लिहायला बारा दिवस लागले, कारण मधे धावपळ झाली.

परिचारिका ताई, तुम्ही लिहिलं त्याच रात्री यांनी आणि मी मामाजींना वळवून टॉर्चने पाहिलं. माकडहाडावर रुपयाएवढी जागा काळपट आणि ओली होती. मी रोज अंग पुसत होते, पण पूर्ण वळवून उजेडात पाहत नव्हते. मामाजींनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, आता एक दिवसाआड पट्टी बदलायला सिस्टर येतात. जखम खोल नव्हती, भरत आली आहे. हवेची गादी भाड्याने आणली. जुनी गादी उन्हात टाकली आणि मग टाकूनच दिली. भिंतीला चुना मारला. यानंतर त्या खोलीत मुद्दाम वास घ्यायचा प्रयत्न केला, तर चुन्याचा आला.

काकू, वर्ध्याहून वाळ्याच्या तीन ताट्या आणल्या. परवा दुपारी पहिल्यांदा पाणी सोडलं. मामाजींचं बोलणं अजून अडखळतं, पण त्यांनी डावा हात वर करून कूलरकडे दाखवलं आणि म्हणाले, "वाळा." मग बराच वेळ काहीतरी सांगत होते, त्यातलं मला एवढंच कळलं की त्यांच्या वडिलांच्या बैठकीत दाराला वाळ्याचा पडदा असायचा आणि त्यावर पाणी मारायचं काम मामाजींकडे होतं.

डिफ्यूजरची बाटली संडासात ठेवली आहे, तीन काड्या घालून. वरुडच्या ताई म्हणाल्या तसंच, तिथे ती उत्तम चालते. बाटलीत अजून तिसरा हिस्सा तेल आहे. सरांसारखी तारीख बाटलीच्या बुडाला चिकटवली आहे, किती दिवस पुरते ते इथेच लिहीन. गडचिरोलीच्या ताई, तुमच्या गटाकडे गवती चहाची बाटली शिल्लक असेल तर पावसाळ्यासाठी मला एक हवी आहे.