मदत हवी आहे: कमी ऐकू येणाऱ्या मुलीला सगळ्या मुलांबरोबर ऑनलाइन छंदवर्गाला बसवायचंय, घरच्यांनी नक्की काय करायचं असतं? (सांगली जिल्हा)

पलूसची_आई

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मुलगी चौथीत आहे, झेडपीच्या शाळेत. दोन्ही कानांना मशीन आहे, कानामागं लावायचं. समोर बसून बोललं की सगळं कळतं, निम्मं ऐकून निम्मं ओठ बघून तिचं चालतं, आणि स्वतः तर अखंड बडबडते. अभ्यासाची तक्रार नाही, बीआरसीचे (तालुक्याच्या गट साधन केंद्राचे) विशेष शिक्षक येऊन जातात, मिरजेला स्पीच थेरपी पण करून झाली. पण तिला ग्रह-ताऱ्यांचं भयंकर वेड आहे आणि आमच्या गावात त्यासाठी काहीसुद्धा नाही. 2025 च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला कडेनं दिसतात म्हणून जवळजवळ गायब होतात हे तिनं तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालंय, दूधवाल्याला पण. सांगलीला न्यावं तर उसाची तोड सुरू झाली की आमच्या घरात रविवार नावाचा वारच उरत नाही.

आता एक ऑनलाइन प्रोग्राम कळलाय. आठवड्यातून दोन संध्याकाळी, आकाश, कोडी, ओरिगामी, गोष्टी रचणं असं सगळं, आणि त्यात सगळी मुलं एकत्र घेतात म्हणे, ऑटिझमवाली, डिस्लेक्सियावाली, कमी दिसणारी, आणि ज्यांना काहीच नाही ती पण. जाहिरात छान आहे पण घरच्यांच्या बाजूनं ते चालतं कसं हे कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे मी पूर्णवेळ शेजारी बसायचं का? आवाजाचं काय, कारण हेडफोन घातला की मशीन शिट्टी मारतं. सगळी पोरं एकदम बोलली की तिला काहीच समजत नाही, तिथं कोण बघतं? धाकटा दुसरीत आहे, त्याला त्याच लॉगिनवर शेजारी बसवलं तर चालतं का? आणि मशीनबद्दल आधीच सांगावं की नंतर? मागं एका क्लासला (नाव घेत नाही) सांगितलं होतं, तरी त्या ताई खिडकीकडं पाठ करून बसायच्या, चेहरा सगळा काळा, ओठ दिसणार कुठून. महिनाभरात सोडलं.

एक स्पष्ट सांगते, आम्हाला अजून एक थेरपी नकोय. तिच्यासाठी म्हणून जे काही ऑनलाइन सापडतं ते सगळं तिला सुधारायलाच निघालेलं असतं. तिला शनीबद्दल बोलणारं कुणीतरी पाहिजे, बास.

मिरजेचा_बाबा

ताई, आधी शिट्टीचं सांगतो. कानामागच्या मशीनचा माइक वरच्या बाजूला असतो, हेडफोनचा कप त्यावर दाबला की मशीनचाच आवाज परत माइकमध्ये जातो आणि शिट्टी वाजते. हेडफोन नसताना पण वाजत असेल तर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल झालाय का बघा, वाढत्या वयात कान मोठा होतो आणि जुना साचा बसत नाही. मशीनला ब्लूटूथ असेल तर आवाज थेट मशीनमध्येच घेता येतो, नाहीतर टेलिकॉइल (मशीनमधली आवाज बिनवायरचा पकडणारी बारीक कॉइल) असेल तर गळ्यात घालायची लूप मिळते, ती आवाज मशीनमध्ये पोचवते, तुमच्या ऑडिओलॉजिस्टना मॉडेल नंबर सांगून विचारा. यातलं काहीच नसेल तर साधा वायरवाला स्पीकर टेबलावर तिच्या तोंडासमोर ठेवा, फॅन बंद, टीव्ही बंद, कुकर क्लासनंतर. आमच्याकडं हेच चालू आहे आणि झकास चाललंय.

आणि मोबाइलवर नका बसवू. मोबाइलवर शिकवणाऱ्याचा चेहरा तिकिटाएवढा दिसतो.

कराडची_बाई

मी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी अशाच एका ग्रुपला गोष्टी घेते म्हणून आतल्या बाजूनं सांगते. सुरू व्हायच्या आधी आम्ही घरी फोन करतो, त्यात आजार-बिजार कमी विचारतो, पोराला काय आवडतं, कशानं वैतागतं, किती वेळ बसवतं, हे जास्त. त्यामुळं मशीनचं आधीच सांगा, पण सांगताना "तिला कमी ऐकू येतं" एवढंच सांगून थांबू नका, काय करायचं ते सांगा. चेहऱ्यावर उजेड पाहिजे, एका वेळी एकानंच बोलायचं, प्रश्न चॅटमध्ये पण लिहायचा. नुसतं कमी ऐकू येतं म्हटलं की लोक ओरडून बोलायला लागतात आणि ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात, मग अजूनच कळत नाही.

ग्रुप लहान हवा, सात-आठ पोरं, आणि मोठी माणसं दोन हवीत. एक शिकवतं आणि दुसरं चॅट बघतं, कोण हरवलंय ते बघतं. एकच माणूस सगळं करत असेल तर त्यांनी कितीही गोड सांगितलं तरी जमत नाही हो. बाकीची पोरं म्यूट, बोलायचं तर हात वर. स्क्रीन शेअर केली की शिकवणाऱ्याचा चेहरा बारीक होतो, त्यावर उपाय असा की तुमच्या बाजूनं त्यांना पिन करा, लॅपटॉपवर चित्र आणि चेहरा शेजारी-शेजारी ठेवता येतात. झूमचा फुकटवाला क्लास 40 मिनिटांत तुटतो, मला विचाराल तर बरंच आहे ते, पोरं जरा उड्या मारून येतात.

शेजारी बसायचं म्हणाल तर सुरुवातीला बसा, मग कॅमेऱ्याच्या बाहेर सरका, मग खोलीच्या बाहेर. कानात उत्तरं सांगणारे आईबाप ही आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे, रागावू नका.

वाईची_मधुरा

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, सात वर्षांचा, अशाच मिश्र ग्रुपमध्ये आहे. एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते, एका मुलाची सोय दुसऱ्याची गैरसोय होऊ शकते. माझा सतत गुणगुणतो, तुमच्या मुलीला त्याचा त्रास होणार, म्हणून तो म्यूटवर असतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. त्याला स्वतःचा कॅमेरा नको असतो, पण मग तो बोलायला लागला की तुमच्या मुलीला त्याचे ओठ दिसणार नाहीत, तिथं शिकवणाऱ्यांनी त्याचं वाक्य परत म्हणायला पाहिजे. आमच्या ताई म्हणतात. बोललेलं स्क्रीनच्या खाली लिहून येतं ती पळणारी अक्षरं (कॅप्शन) त्याला सहन होत नाहीत, पण ती ज्याची त्यानं आपापल्या स्क्रीनवर चालू-बंद करायची असतात, त्यामुळं त्यावर भांडण नाही. क्लासवाल्यांना विचारा, असं दोघांचं जुळत नसेल तेव्हा तुम्ही काय करता? ज्यांनी खरंच मुलं एकत्र बसवलीत ते लगेच दोन उदाहरणं देतील.

सातारी_पेढा

अपंगत्वाचं सर्टिफिकेट, यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) वगैरे मागतात का? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात ऐकण्यात 60 ते 70 डेसिबलची घट म्हणजे कमी ऐकू येणारे असं धरलंय, त्याच्या खाली असेल तर घेत नाहीत का?

कराडची_बाई

@सातारी_पेढा छंदवर्गाला कशाला लागतंय ते, सरकारी योजना आहे का ही. कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू पण नका उगाच.

पलूसची_आई

सगळ्यांचे खूप आभार, मिरजेच्या दादांचं ऐकून मोल्ड बघितला, खरंच सैल आहे. मराठीत अक्षरं येतात का हो खाली? आणि धाकट्याचं कुणी सांगितलं नाही.

मिरजेचा_बाबा

दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब (बोललेलं लिहून दाखवणारं अ‍ॅप) टाका, मराठी निवडा आणि फोन स्पीकरजवळ ठेवा. चालतं, पण भरवसा ठेवू नका, आमच्याकडं शनीच्या कड्यांची शनिवारची कढी झाली होती 😀 म्हणून क्लासच्या आदल्या दिवशी नवीन शब्द आणि चित्रं ग्रुपवर मागून घ्या, शब्द आधी माहीत असला की ओठांवर लगेच सापडतो.

धाकट्याला एका लॉगिनवर बसवू नका असं माझं मत. त्याला आधी ऐकू येणार, तो आधी बोलणार आणि ही त्याच्याकडं बघून उत्तर देणार. वेगळी खोली, वेगळा फोन. भावंडाला फी कमी करतात बऱ्याच ठिकाणी, विचारायला काय जातंय.

वाईची_मधुरा

आणि वेळ बघा. दिवसभर शाळेत ओठ वाचून वाचून मूल दमलेलं असतं, आल्या आल्या स्क्रीनसमोर बसवलं तर तारे आवडत असूनसुद्धा चिडचिड करेल आणि आपल्याला वाटेल क्लासच आवडला नाही. शनिवारची बॅच आहे का विचारा.

पलूसची_आई

शनिवार सकाळची आहे म्हणाले क्लासवाले! ट्रायल देतो म्हणाले. मी विचारलं चेहरा नीट दिसेल का, एका वेळी एकच बोलतं का, तर सगळ्याला "हो हो मॅडम" आलं. आता काय समजायचं?

कराडची_बाई

हो तर सगळेच म्हणतात. रेकॉर्डिंग मागितलं तर बाकीच्या पोरांचे चेहरे असतात म्हणून देणार नाहीत, आणि देऊ पण नये. ट्रायलला तिच्याबरोबर तुम्ही बसा आणि मधली पाच मिनिटं तुम्ही स्वतः कानात कापूस घालून नुसतं बघा. कोण बोलतंय हे तुम्हाला स्क्रीनवरून कळलं तर नाव घाला. आणि मोल्ड त्याआधी बदलून घ्या.