लोकलमध्ये अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलता का?

तासगावचा_पाव्हणा: आमच्याकडे एसटीत शेजारी कोण बसलं की पहिला प्रश्न "कुठलं गाव पाव्हणं?" आणि सांगली येईस्तोवर त्याची द्राक्षबाग, पोराचं लग्न, मुतखडा सगळं कळलेलं असतं. आता नोकरीमुळे डोंबिवलीत आहे, रोज सीएसएमटीपर्यंत लोकल, चेहरे तेच तेच पण सगळ्यांच्या कानात इअरफोन. परवा एकाला राम राम केला तर तो मागे वळून बघायला लागला, हा नक्की कोणाला म्हणतोय 😄 तुम्ही बोलता का? आणि बोलून काही मिळतं का?

चौथी_सीट: राम राम नको, डायरेक्ट "कुठे उतरणार?" विचारा. ठाणे म्हणाला तर सीट तुमची, नाहीतर निदान तोंड तरी उघडलं. आमचा ग्रुप असाच जमला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला हारतोरणं, पूजा, पेढे सगळं असतं. आणि मिळतं म्हणाल तर भाड्याची खोली, बायकोच्या गुडघ्याचा डॉक्टर, मुलीची पहिली नोकरी, सगळं डब्यातूनच मिळालं. जिवलग मित्रांचा काय उपयोग, आपल्याला माहीत तेवढंच त्यांना माहीत.

उगाच_वाचणारा: @चौथी_सीट अगदी हेच मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलंय, नवी खबर तोंडओळखीच्या माणसांकडून येते. आणि २०१४ मध्ये शिकागोच्या लोकल प्रवाशांवर एक प्रयोग छापून आला होता, काहींना सांगितलं शेजाऱ्याशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान गेला. गंमत म्हणजे आधी अंदाज विचारला तर लोकांनी बरोब्बर उलटं सांगितलं होतं, कारण प्रत्येकाला वाटतं समोरच्यालाच बोलायचं नाहीये. नंतर लंडनच्या ट्रेनमध्येही तेच निघालं, आणि लंडनवाले आपल्यापेक्षा किती घुमे ते माहितीच आहे.

ठाणेकरीण: लेडीज डब्यात हे वेगळं सांगावं लागत नाही, नवरात्रात आजचा रंग कोणता इथूनच मैत्र्या होतात. पण जनरल डब्यात कोणी पुरुष "कुठे राहता" विचारायला लागला की मी फोन कानाला लावते, तो कितीही साधाभोळा असला तरी. शिकागोवाल्यांनी हा डबा बघितलेला नाही. तेव्हा पाव्हणं, तुमचा प्रयोग पुरुषांवरच करा.

तासगावचा_पाव्हणा: बरोबर आहे ताई, लक्षात ठेवतो. पण इअरफोनवाल्यांचं काय करायचं?

चौथी_सीट: सोडून द्या त्यांना. पेपरातलं शब्दकोडं सोडवणारा एक तरी काका असतोच, त्याच्या शेजारी उभे राहा. उभा तीन अडला की तोच विचारतो.