ही भक्ती की नुसती हमाली?

मंगळवारपेठकरीण:
सासूबाईंना लकवा मारून दोन वर्षं झाली. उजवी बाजू पूर्ण गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भाकरी दुधात कुस्करून भरवते, घास तोंडात घोळवत बसतात, तोवर माझा चहा गार. हे सगळं जमतं मला. जमत नाही ते वेगळंच. त्या मला नणंदेच्या नावानं हाक मारतात. नणंद पुण्यात, दिवाळीला दोन दिवस येते, तिला बघून सासूबाईंचे डोळे भरतात. मी दर वेळी सांगते, "मी सून तुमची."
प्रवचनात ऐकलं, माणसात देव बघून काही न मागता सेवा करावी. मी तर मनात हिशेब मांडत बसते. मग ही भक्ती की नुसती हमाली?

निवृत्त गुरुजी:
ताई, नारदांच्या 84 भक्तिसूत्रांत एक शब्द आहे, तत्सुखसुखित्व. त्याच्या सुखात आपलं सुख. गोपींचं प्रेम वेगळं का, हे सांगताना तो येतो. मला तो पार उशिरा कळला. आमच्या हिला शेवटी गिळता येत नव्हतं. एके दुपारी चार चमचे आंबील घशाखाली उतरली आणि पोट माझं भरलं. असं रोज नाही झालं हं, बाकीचे दिवस मीही चिडायचो. हिशेबाचं म्हणाल तर गीतेच्या सातव्या अध्यायातल्या चार भक्तांत अर्थार्थीही आहे, म्हणजे मागणारा. कृष्णानं त्यालाही 'उदार'च, म्हणजे थोरच म्हटलंय.

पेठेतला पैलवान:
काकी, गुरुजींचं बरोबर असंल, पण नणंदेला फोन लावा की! महिन्यातले चार दिवस तिचे. एकटीनंच मरायचं असं कुठल्या पोथीत लिवलंय? आणि त्या प्रवचनकारांच्या घरी कूस कोण बदलतं, तेवढं विचारून या.

मंगळवारपेठकरीण:
पैलवान, लई हसले. लावला फोन. शनिवारी येते म्हणाली, बघू.
काल शेजारणीला बसवून दोन वर्षांनी अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेले, मावळतीची किरणं देवळात शिरून थेट मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा. ढग आले होते. किरणं गरुड मंडप ओलांडून आत आली आणि पितळी उंबऱ्यापाशीच मावळली. घरी आले तर सासूबाई जाग्या. परत नणंदेच्याच नावानं हाक.
या वेळी "ओ" दिली.