मदत हवी आहे: १९७१ ची होंडा सीबी ३५०, स्लो (आयडलिंग) छान, पण मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर इंजिनाला धाप लागते

नमस्कार मंडळी,

गाडी होंडा सीबी ३५०. नाव ३५० असलं तरी इंजिन ३२५ सीसीचं, दोन सिलिंडर. बावीस वर्षं एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मी मेकॅनिक नाही. गॅरेज म्हणजे घराखालची एका मोटारीपुरती जागा आणि गुरू म्हणजे मॅन्युअलची झेरॉक्स. आठ महिने खपतोय.

सुरुवात टाकीपासून केली. आत गंजाचे पापुद्रे सुटले होते. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं, बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार आत लोंबकळणाऱ्या लोखंडी सळईला जोडली आणि दोन दिवस ठेवलं. (सळई स्टेनलेसची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून हा उद्योग उघड्यावर करा.) टाकी आतून लख्ख झाली.

इंजिन कव्हरच्या स्क्रूंनी मात्र रडवलं. पहिल्याच दिवशी तिघांची तोंडं घासून बसलो. मग कळलं की हे जपानी जेआयएस मापाचे स्क्रू. दिसायला फिलिप्ससारखेच, पण फिलिप्सचा ड्रायव्हर त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, जोर लावला की वर उसळतो. जेआयएसचा ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हाती आल्यावर बाकीचे निमूट सुटले.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलं नाही. कॉम्प्रेशन मोजलं, दोन्ही सिलिंडरमध्ये नावापुरता फरक. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिमी ठेवले. ब्रेक शू, टायर, ट्यूब, केबल, बॅटरी सगळं नवं. कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) साफ केले, फ्लोटचं गॅस्केट बदललं. इथपर्यंत शहाण्यासारखं वागलो.

मग अंगात आलं. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे जुने स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची मूळ पेटी) काढून दोन पॉड फिल्टर (थेट कार्बच्या तोंडावर बसणारे सुटे) लावले. आखूड सायलेन्सर, दोन नंबर मोठे मेन जेट, पुढे एलईडी. हे सगळं एका शनिवार-रविवारात, आणि त्याआधी गाडी एकदाही चालवून पाहिली नव्हती. हे लिहितानाच चूक दिसतेय, पण बोलायचं ते बोला.

आता लक्षणं. चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू होते. १,२०० वर छान उभी राहते, पण तापली की स्लो आपोआप २,००० पर्यंत चढतो आणि रेस सोडल्यावर सावकाश उतरतो. चालवताना ४,००० पर्यंत ठीक. त्याच्या वर मूठ पिळली की नुसती हुंकारते, वेग वाढत नाही, मागून फटाके वाजतात. चोक अर्धा ओढला तर जरा बरी चालते. डावा प्लग काजळीने काळा, उजवा पांढराफटक. या इंजिनची लाल रेघ १०,५०० ला आहे, मी तिच्या निम्म्यालाही पोचत नाही.

जेट आणखी मोठे करू का? की किटच सदोष आहे? आणि हो, मागची फ्रेम थोडी कापून सीट आखूड करायचा विचार आहे, त्यावरही मत द्या.

— अडगळीतला_घोडा

तेलकट_हात:
घोडेराव, आधी एअर बॉक्स परत लावा. फेकला नाहीत ना?

जेटचं नंतर बघू. तुमचे कार्ब सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) प्रकारचे आहेत. मूठ पिळता तेव्हा फक्त मागची फुलपाखरी झडप उघडते. स्लाइड (हवेची वाट कमीजास्त करणारा सरकता पिस्टन) तुम्ही उचलतच नाही, ती इंजिनाच्या ओढीवर उचलली जाते. डायफ्रॅमच्या (स्लाइडला जोडलेल्या रबरी पडद्याच्या) वर कमी दाब, खाली फिल्टरकडून येणारा बाहेरच्या हवेचा दाब, या दोन दाबांतल्या फरकावर ती तरंगते. एअर बॉक्स कार्बला निवांत हवा पुरवतो. पॉड थेट तोंडाशी आला की हवा भोवरे घेत शिरते आणि स्लाइड लडखडते. शिवाय बऱ्याच पॉडचं रबर कार्बच्या तोंडाशी असलेली बारीक हवेची छिद्रं झाकून टाकतं. पॉड काढून आतून बघा, रबराच्या कडेवर छिद्रांचे ठसे उमटले असतील.

एक प्लग काळा (पेट्रोल जास्त) आणि एक पांढरा (पेट्रोल कमी), म्हणजे दोन बाजूंना दोन वेगळी दुखणी आहेत. दोघांनाही एकच मोठा जेट दिलात तर काळा अधिक काळा होईल, पांढऱ्याचं दुखणं झाकलं जाईल.

मौनीबाबा:
ऑइल फिल्टरचा कप उघडलात का?

कंडेन्सर:
किटवर संशय घेण्याआधी एक गोष्ट तपासा. अशी बरीच किट फक्त पॉइंटची जागा घेतात, वेग वाढला की ठिणगीचं टायमिंग पुढे सरकवण्याचं काम तीच जुनी वजनं आणि स्प्रिंग करतात. बावीस वर्षांत त्यांचं ग्रीस डिंकासारखं होतं. वजनं अडकली तर स्लो उत्तम आणि वर दम नाही, म्हणजे हुबेहूब तुमचं लक्षण.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावा. डाव्या सिलिंडरची खूण एलएफ, उजव्याची नुसती एफ. स्लोवर ती खूण बॉडीवरच्या खुणेसमोर हवी. रेस वाढवली की सरकत जाऊन दोन उभ्या रेघा समोर आल्या पाहिजेत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. या इंजिनाचा क्रँक १८० अंशांचा, दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येत नाहीत, म्हणून प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल आणि स्वतःचं टायमिंग आहे. एक बाजू जमली म्हणून दुसरी जमली असं धरू नका.

दोनशे_किक:
सीव्ही कार्बच्या नादात आयुष्य जाईल. सरळ मिकुनी व्हीएम ३० कार्बची जोडी लावा. मूठ पिळली की केबलने स्लाइड उचलली, डायफ्रॅमची भानगडच नाही, पॉडही चालतात.

तेलकट_हात:
@दोनशे_किक, चांगला बदल आहे, मीही एका गाडीवर केलाय. पण घोडेरावांचं मूळ दुखणं कळण्याआधी नाही. कुठून तरी हवा ओढली जात असेल तर मिकुनीही तीच हवा ओढतील, आणि मग तीन महिने जेट बदलत बसतील. शिवाय केबलच्या स्लाइडवर मूठ एकदम पिळली की इंजिन गुदमरतं, हाताला सवय लागते. सीव्ही नीट असेल तर इतकी गुळगुळीत चाल दुसऱ्या कार्बला नाही.

रबरी_नळी:
तापल्यावर स्लो चढतो आणि उतरायला वेळ लावतो, ही कार्ब आणि हेड यांच्यामधल्या रबरी जोडातून हवा शिरण्याची जुनी खूण आहे. तुमची पांढरी बाजू उजवी ना? इंजिन तापलेलं आणि स्लोवर असताना त्या जोडावर फवाऱ्याने थोडं पाणी मारा. आवाज बदलला तर भेग सापडली. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो मारू नका, भडका उडतो.

काळ्या बाजूची स्लाइड बघा. एअर बॉक्स नसताना हे सोपं आहे. कार्बच्या तोंडातून बोट घालून दोन्ही स्लाइड वर उचला आणि सोडा. चांगली स्लाइड हवेच्या गादीवर बसत सावकाश खाली येते. डायफ्रॅम फाटलेला असेल तर टक्‌कन पडते. फाटका डायफ्रॅम दिव्यासमोर ताणून धरल्याशिवाय दिसत नाही. भोक बहुतेक वेळा घडीत असतं.

आणि फ्रेम कापू नका. नळ्या, जेट, सायलेन्सर परत लावता येतात. कापलेली फ्रेम तशीच राहते.

मौनीबाबा:
कप?

अडगळीतला_घोडा:
सगळ्यांना दंडवत. कालची पूर्ण संध्याकाळ खाली होतो.

कंडेन्सर, टायमिंग लाइटने दोन्ही बाजू पाहिल्या. खूण सरकते, दोन रेघांपर्यंत व्यवस्थित जाते. उजवी बाजू किंचित उशिरा होती, ती तिच्या छोट्या प्लेटवर लावून घेतली. किटची माफी मागितली.

रबरी_नळी, तुमचं ऐकून खाली बसलो आणि पाचव्या मिनिटाला उजव्या जोडावर पाणी मारलं तर इंजिन चक्क खोकलं. जोड काढून वाकवला. वरून काळाभोर आणि नवा वाटणारा, खालच्या बाजूला नखाएवढी आडवी भेग. रबर इतकं कडक की टेबलावर आपटलं तर लाकडासारखा आवाज आला.

डावी स्लाइड टक्‌कन पडली. डायफ्रॅम विजेरीसमोर धरला तर घडीत टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्याला लागून बारीक चीर. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी कार्ब उघडले तेव्हाही असणार. जेट तेवढे घासले, वरचं झाकण उघडलंच नाही.

पॉडच्या रबरावर छिद्रांचे ठसेही आहेत. तेलकटराव, ज्योतिषी आहात का?

डायफ्रॅम आता स्लाइडसकट नवाच घेतोय. एअर बॉक्स फेकला नव्हता, पण त्याचे रबरी गळे इतके कडक झालेत की कार्बवर चढत नाहीत. काही उपाय?

रबरी_नळी:
गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, उकळत्या नाही. मऊ असतानाच बसवा. तेल लावू नका, गळा नंतर सुटत राहतो.

मेन जेट मूळ नंबरचे लावा. आखूड सायलेन्सर ठेवणार असाल तर त्यानंतर प्लगचा रंग बघून एकेक नंबर वर जा. एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी वहीत टिपा.

अडगळीतला_घोडा:
उशिरा लिहितोय, भाग यायला तीन आठवडे लागले.

दोन्ही रबरी जोड नवे, डावी स्लाइड नवी, एअर बॉक्स जागेवर, मेन जेट मूळचे. दोन्ही कार्बच्या केबल एकाच वेळी उघडतात ना, तेही जमवून घेतलं, आधी डावी अर्धा मिलिमीटर मागे होती. काल रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली. ४,००० आले आणि गेले, कळलंसुद्धा नाही. ८,००० पर्यंत नेली आणि मीच घाबरून सोडली. ५,००० च्या पुढे हे इंजिन एवढ्या उत्साहात ओरडतं हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही प्लग फिक्या विटकरी रंगाचे. आखूड सायलेन्सर असूनही जेट वाढवायची गरज तूर्त वाटत नाही.

आता नवं. हेडलाइट चालू असताना ५,००० वर बॅटरीला १५.४ व्होल्ट दिसतात. हेडलाइट बंद केला की १४.१. उलट व्हायला हवं ना? रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा) अजून जुनेच आहेत.

कंडेन्सर:
उलट नाही, या गाडीचं गणितच तसं आहे. अल्टरनेटरला कायमचं चुंबक आहे, त्यामुळे फिरेल तेवढी वीज तयार होतेच, चुंबकत्व कमी करून तिला आवरता येत नाही. म्हणून त्या काळी युक्ती केली होती. दिवा लावला की स्विच एक जादा गुंडाळी जोडतो, दिव्याची भूक भागवायला. तुम्ही एलईडी लावून भूक निम्म्याहून कमी केलीत आणि वाढप तेवढंच ठेवलंत. उरलेलं सगळं बॅटरीच्या पोटात.

१५.४ वर बॅटरी उकळेल, किटचंही आयुष्य घटेल. सेलेनियमचा रेक्टिफायर आणि जुना रेग्युलेटर काढा, दोन्ही कामं करणारा नवा एकत्रित रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवा. मात्र कायम चुंबकाच्या अल्टरनेटरसाठीचाच घ्या, फील्ड कॉइलवाला इथे चालत नाही. त्याला हवा लागेल अशा जागी, उघड्या धातूवर घट्ट बसवा आणि अर्थिंगची तार थेट बॅटरीपर्यंत न्या. जुन्या फ्रेमच्या रंगावर अर्थिंगचा भरवसा नको. नंतर १४.५ च्या आत राहिलं की पुरे.

दोनशे_किक:
मिकुनी नाहीच घेतलेत तर.

अडगळीतला_घोडा:
नाही घेतले दादा, पुढच्या गाडीला.

मौनीबाबा:
कप उघडलात का?

अडगळीतला_घोडा:
बाबा, माफ करा, तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून आज उघडला. मला वाटलं होतं नवं ऑइल घातलं की झालं, कागदी फिल्टर तर या गाडीत नाहीच.

ज्यांनी उघडला नसेल त्यांच्यासाठी. उजव्या कव्हरवर छोटं गोल झाकण आहे, तीन स्क्रूंचं. त्याच्या आत एक टोपी, सर्क्लिप काढून मधल्या आट्यांत सहा मिमीचा बोल्ट फिरवला की ओढून निघते. आतला कप क्रँकबरोबर गरगर फिरतो आणि ऑइलमधली घाण भोवंडून कडेला फेकतो. तीच कडेला साचते.

माझ्या कपात कडेला करंगळीच्या नखाएवढा जाड काळा थर होता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागला. त्यात ॲल्युमिनियमची बारीक चमक आहे. भिऊ का? याचा कॅमशाफ्ट बॉल बेअरिंगवर नाही, सरळ ॲल्युमिनियमच्या खोबणीत फिरतो असं वाचलंय, म्हणून विचारतो.

मौनीबाबा:
बावीस वर्षांची आणि त्याआधीचीही चमक असेल. ऑइल बदला, ३०० किलोमीटर चालवा, पुन्हा उघडा. तेव्हाही चमक दिसली तर कॅमच्या दोन्ही टोकांची झाकणं काढून खोबणीवर बोट फिरवा. नखाला चरे लागले तर इथे या. तोवर ८,००० नको.