पडवीतला साबण अन् लायसन्स

संत्रावाली, वरूड
आमच्या बचत गटातल्या सातजणी संत्र्याच्या सालीचा साबण करतो. आंबिया बहाराची साल वाळवायची, दळायची, खोबरेल अन् कॉस्टिक सोड्याच्या घोळात टाकायची, महिनाभर फळीवर ठेवायची. अमरावतीच्या प्रदर्शनात एका गिऱ्हाइकानं वडी उलटून पाहिली. "लायसन्स नंबर कुठाय?" म्हणाला, वडी ठेवली अन् गेला. चौकशी केली तर विकायचा साबण करायला लायसन्स लागतं, अन् 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या सरकारी नियमांत, आहे की माल बनवायची जागा राहत्या घराला जोडलेली चालत नाही, भिंती सहा फुटांपर्यंत गुळगुळीत अन् पाणी न मुरणाऱ्या पाहिजेत. माझी पडवी शेणानं सारवलेली! चाळीस वड्यांसाठी कारखाना बांधू का? छोट्यांना सूट पाहिजे.

मेडिकलवाला, दारव्हा
ताई, सूट कशापायी? अकोल्याची 2023 ची बातमी आठवा. एकाच घरातल्या मायलेकींच्या किडनीला त्रास झाला, अन् गोरं व्हायच्या क्रीममध्ये पारा निघाला. साबण-क्रीमसारख्या मालात पारा चुकून आला तरी दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. तेवढा डोळ्यानं दिसतो का?

सालबर्डीची सून
काय राजेहो! साबण अन् पाऱ्याची क्रीम एकाच तराजूत काहून तोलता? पारा घालणारा मुद्दाम घालतो. त्याला पकडा ना. आमची आजी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायची, तिलाही आत टाकणार का?

मेडिकलवाला, दारव्हा
आजी घरच्या लेकराला लावायची, विकत नव्हती. विकलं की हिशेब बदलतो. पारा जाऊ द्या, कॉस्टिक जास्त पडलं तर? तुमचा काटा कोणता, ताई?

संत्रावाली, वरूड
खोटं नाही बोलत. काटा किराण्याचा होता, पाच ग्रॅम इकडंतिकडं त्याला कळायचं नाही. मागच्या आषाढात एक खेप बिघडली, नणंदेच्या मनगटावर लाल चट्टे उठले. ती खेप भांडी घासायला काढली. दळलेल्या सालीलाही पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा डबा उघडल्यावर जो वास येतो तो विचारूच नका. आता डिजिटल काटा आहे. माल तपासा, त्याला ना नाही. पण भिंतीची उंची मोजून साबण कसा कळणार?

निवृत्त मास्तर, पुसद
भिंत धुता आली पाहिजे एवढाच त्याचा अर्थ, बाई. बाकी नियमही वाचा. देखरेखीला केमिस्ट्री घेऊन बारावी झालेला माणूस चालतो, तो गावात मिळेल. शिवाय लोन लायसन्स आहे: परवाना असलेल्याच्या कारखान्यात आपला माल आपल्या नावानं करून घेता येतो.

संत्रावाली, वरूड
विचारलं होतं मास्तर. एमआयडीसीतला एकजण दोन क्विंटलच्या खाली हातच लावत नाही म्हणाला. आमची साल सरेल, पण घाणा भरणार नाही. बारावीवाली मात्र आहे, जाऊबाईची पोरगी. ग्रामपंचायतीची जुनी शेड मागितली आहे. चार गटांनी मिळून टाइल्स लावल्या तर एकीच्या घरावर बोजा नाही.

सालबर्डीची सून
म्हणजे पुन्हा बाईनंच वर्गणी काढायची. मला नाही पटत.

मेडिकलवाला, दारव्हा
लेबलवर लायसन्स नंबर अन् बॅच नंबर आला की दोन डझन माझ्या दुकानात. तोवर एकही वडी नाही.

संत्रावाली, वरूड
दोन डझन लिहून ठेवा, भाऊ. सरपंचबाईनं कालच किल्ली दिली. उघडून पाहिली तर आत छपरापर्यंत तुरीचं कुटार, भुसाच भुसा.